कुमोझाकीतली न वाचलेली खोली

दुपारी दोन वाजले की चाळीस हजार माणसं कुमोझाकीच्या किल्ल्यात शिरायची. कुणी लातुरात लवंडलेलं असायचं, कुणी डोंबिवलीत, कुणी पार शारजात. डोक्याखाली उशी घेतली, डोळे मिटले, की पाच-सात मिनिटांत ही मंडळी धुक्यातला लाकडी पूल ओलांडून आत. आणि ज्या बाईने तो किल्ला उभा केला, ती शलाका मोहिते त्या वेळी कऱ्हाडात आपल्या ओट्यापाशी घेवड्याच्या शेंगा निवडत असायची. तिला आत जाता येत नव्हतं. कुणी अडवलं होतं असं नाही हो, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तशातली गत.

किल्ला जपानी धाटणीचा होता, पण जपानात शोधायला जाऊ नका, सापडायचा नाही. 'धुक्याचे पहारेकरी' नावाच्या एका जपानी चित्रमालिकेत तो जेमतेम अकरा मिनिटं दिसला होता. एक दरवाजा, एक जिना, एक दालन, संपलं. पुढे मालिकाही बंद पडली, पण चाहते कुठे बंद पडतात? त्यांनी तीच पात्रं घेऊन आपापल्या गोष्टी लिहायला घेतल्या. मराठी चाहत्यांच्या म्होरक्या होत्या मिरजेच्या नसीमा शिकलगार, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. दगाफटका, वचनं, तलवारी, विरह, सगळं नसीमाताई एका बैठकीत लिहून मोकळ्या व्हायच्या. फक्त त्यांच्या गोष्टीत कुणाला भूक लागायची नाही. तीनशे शिपाई महिनाभर वेढ्यात अडकलेत आणि कोण काय खातंय याचा पत्ता नाही.

हे शलाकाला खटकलं. ती एका मुलींच्या वसतिगृहाची कोठी सांभाळायची. तीनशे माणसांना दिवसाला तांदूळ किती लागतो हे तिने तोंडी सांगितलं असतं. तिने ताईंना लिहिलं, "तुमच्या किल्ल्यात धान्याचं कोठार कुठे आहे?" ताईंचं उत्तर आलं, "तूच सांग."

झालं. कोठार आलं म्हणून विहीर आली. विहिरीचं पाणी सात मजले चढवायचं म्हणून पाणके आले, त्यांच्या पाळ्या आल्या. थंडीत कागदी दारं फाटतात, ती चिकटवायला भाताची खळ आली, खळीचं भांडं आलं, ते भांडं नेमानं न धुणारी एक आळशी दासी आली. चटया कुठल्या गवताच्या, खारवलेल्या फळांचे रांजण कुठल्या गार खोलीत, पाऊल पडताच चिवचिवणाऱ्या फळ्या कुठल्या सोप्यात, सगळं शलाकाने ठरवलं. जपानी किल्ल्यांवरची मिळतील तेवढी पुस्तकं तिने वाचली आणि जिथे पुस्तकं गप्प बसली तिथे स्वतः रचलं. नऊ वर्षं हेच चाललं होतं. हौसेला मोल नसतं ते असं.

मग उशी आली.

उशीचं शास्त्र थोडक्यात सांगायला हवं. आपल्या मेंदूत कानशिलाच्या आत एक बोटभर भाग असतो. त्यातल्या काही पेशींना जागेची खूण कळते. एक पेशी दारात उभं राहिलं की चेतते, दुसरी चुलीपाशी, तिसरी जिन्याच्या वळणावर. त्या ज्या क्रमाने चेततात, त्या क्रमालाच आपण 'हे घर माझ्या पायाखालचं आहे' असं म्हणतो. झोपेत मेंदू तोच क्रम पुन्हा पुन्हा गिरवतो. उशी एवढंच करायची की डुलकी लागताना हा गिरवण्याचा क्षण हेरायची, आणि नेमक्या त्या क्षणी कानात हलक्या आवाजात मजकूर सोडायची, जोडीला जाणवणारही नाहीत असे विजेचे बारीक स्पंद. वीस-पंचवीस दुपारी अशा गेल्या की पेशी त्या मजकुराचाच नकाशा पाडून ठेवायच्या. मग ती जागा नुसती वाचलेली राहायची नाही, राहून आलेली व्हायची. एकदा नकाशा पडला की त्याला जोडून आलेली नवी खोली पहिल्याच डुलकीत दिसायची.

याला दोन अडचणी होत्या. पहिली अशी की मजकुरात एखादी विसंगत गोष्ट आली की नकाशा फाटायचा आणि झोपलेला माणूस दचकून जागा व्हायचा. दोन वर्षांपूर्वी शलाका तापाने फणफणली असताना एका हौशी लेखकाने किल्ल्याच्या मधल्या चौकात कढीपत्त्याचं झाड लावलं. हात चालतो तसं लिहिलं बिचाऱ्याने, आपल्याकडे चौक म्हटला की कढीपत्ता आलाच. पण त्या दुपारी तीनशे माणसं धडपडून उठली, आणि झाड काढून टाकल्यावरसुद्धा कित्येकांना महिना महिना परत आत शिरता येईना. पुसेसावळीच्या एका निवृत्त हवालदारांनी शलाकाला पत्र धाडलं होतं, "बाई, बायको गेल्यापासून तेवढंच एक घर होतं. मला परत आत घ्या." ते पत्र वाचून शलाका दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून नियम झाला: शलाकाच्या हाताखालून गेल्याशिवाय किल्ल्यात एक ओळ जायची नाही. नवी खोली आली की नसीमाताई आधी ती स्वतः झोपून बघायच्या, आणि शलाका तिच्यातलं वाक्य न् वाक्य घासूनपुसून घ्यायची.

दुसरी अडचण शलाकाची एकटीची होती. आपल्याच हाताने आपल्याला गुदगुल्या होत नाहीत ना, तसंच हे. पुढचा शब्द कुठला येणार ते मेंदूला आधीच माहीत असलं की तो मजकूर 'हा आपलाच' म्हणून बाजूला सारतो. शलाकाने उशी घेऊन बघितली होती, एकदा नव्हे, चाळीसदा. धुकं नाही, पूल नाही. नुसता आवाज आपलीच वाक्यं वाचतोय. नसीमाताईंचा मजकूर तरी लागू पडावा, तर त्यातलंही एक वाक्य तिने मूळचं ठेवलं नव्हतं.

एवढं काय अडलं होतं तिचं, असं कुणालाही वाटेल. तिच्या नवऱ्यालाही वाटायचं. रघुवीर मोहिते लिफ्ट दुरुस्त करायचा. "सात मजले आणि लिफ्ट नाही?" तो जेवताना चिडवायचा. "म्हाताऱ्या समुराईंनी गुडघे धरून बसायचं काय?" शलाका म्हणायची, "तुम्ही आमटी घ्या." यापलीकडे किल्ल्याचं बोलणं त्या घरात होत नसे.

एका मंगळवारी मात्र तो दुपारी जेवायला आला तेव्हा ओट्यावर आमटी तशीच होती आणि शलाका खुर्चीत बसून होती. जालन्याच्या कुण्या बाईंचं पत्र तिच्या हातात होतं. रघुवीरने ते घेऊन वाचलं. 'सासरी जीव घाबरा झाला की मी उशी घेते. त्या चिवचिवणाऱ्या फळ्या वाजल्या की माहेरी आल्यासारखं वाटतं. ताई, तुमचं माहेर असंच होतं का हो?'

शलाका बालिकाश्रमात वाढली होती. आईबाप कोण ते तिला ठाऊक नव्हतं, नाव आश्रमाने ठेवलेलं, आडनाव पहिल्यांदा मिळालं ते लग्नात. आश्रमात कुणी वाईट वागवलं नाही. तांदूळ निवडायची पाळी, पाणी भरायची पाळी, कंदील पुसायची पाळी, सगळं वेळेवर. किल्ल्यात तिने तेच तर घातलं होतं. लोक आत जायचे आणि त्या पाळ्यांच्या मधे आपापली माणसं आणून बसवायचे. तिच्याकडे आणून बसवायला कुणी नव्हतं.

"काय उत्तर लिहू हिला?" ती म्हणाली. "मला एकदा आत जायचंय हो. एकदाच. माहेर म्हणतात ते काय असतं, एवढंच बघायचंय."

रघुवीरने स्वतःच्या हाताने ताट वाढून घेतलं, तिलाही वाढलं, आणि कामावर निघून गेला.

इकडे दुसरंच घाईला आलं होतं. मूळ मालिकेच्या मालकांनी मराठी किल्ल्याला एकदाची परवानगी दिली होती, पण अट घालून. पुढच्या शनिवारी संध्याकाळी सहाला मजकुरावर शिक्का बसणार. त्यानंतर एक शब्द आत जायचा नाही की बाहेर यायचा नाही. उशीवर तेवढाच किल्ला चालणार, कायमचा. शलाकाने आठवडाभर डोळ्यांत तेल घालून एकेक मजला तपासला. शुक्रवारी सगळं आटोपलं.

शनिवारी साडेअकराला नसीमाताई दारात. मिरजेहून एसटीने आल्या होत्या, हातात पिशवी, पिशवीत त्यांची उशी. न सांगता येणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. शलाकाने पाणी दिलं. मागच्या अंगणात रघुवीर नळ दुरुस्त करत होता, म्हणजे चांगला चाललेला नळ खोलून बसला होता.

"शिक्क्याला जाणाऱ्या मजकुरात सातव्या मजल्यावर एक खोली घातली आहे," ताई पाणी पिऊन म्हणाल्या. "तुला दाखवलेली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तू वाचलेली नाहीस. एका शब्दालाही तुझा हात लागलेला नाही. खालचे सहा मजले तुला तोंडपाठ, तेव्हा तू झोपलीस तर तिथे जाशील."

शलाकाने विचारलं, "कुणी लिहिली?"

ताईंनी मागच्या दाराकडे बघितलं. नळाची खटखट थांबली.

"यांनी?" शलाका खालीच बसली. "अहो ताई, यांना समुराई आणि सनईवाला यांतला फरक सांगता येणार नाही. तुम्ही दोघांनी मला ताकास तूर लागू दिली नाहीत. वाचलीत ना तुम्ही? बरोबर आहे ना सगळं?"

"सांगणार नाही. मी सांगितलं की तू मनातल्या मनात दुरुस्त करणार. आणि तू दुरुस्त केलीस की ती तुझी झाली."

"पण चूक असली तर? चाळीस हजार माणसं आहेत आत."

"म्हणून तर आले," ताई म्हणाल्या. "ठेवायची की काढायची, सहाच्या आत तू ठरव. वाचून ठरव, नाहीतर न वाचता ठरव. त्यात मी पडत नाही."

शलाका उठून स्वयंपाकघरात गेली, परत आली, पुन्हा गेली. वाचावी तर आयुष्यात एकदाच उघडलेलं दार आपल्याच हाताने लागतं. न वाचता ठेवावी तर हवालदारांसारखी किती माणसं उद्या दुपारी घराबाहेर फेकली जातील, आणि शिक्क्यानंतर तर चूक काढताही येणार नाही. न वाचता काढून टाकणं सगळ्यात सोपं होतं, पण ते तिच्याने होईना. शेवटी दोन वाजता तिने पदर खोचला.

"तुम्ही नवी खोली झोपून बघता ना, तशी मी बघते," ती म्हणाली. "मला जाग आली तर खोली चूक. लगेच काढायची."

"आणि नाही आली तर?" ताईंनी विचारलं. शलाकाने त्यांच्या हातातून उशी घेतली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

पूल आला. म्हणजे पुलाचं वाक्य आलं. धुक्याचं वाक्य आलं, मग दरवाजाचं, मग विहिरीचं. काळोखात आपलाच मजकूर एकेक पायरी चढत होता आणि ती त्याच्या मागोमाग, हाताला काही लागत नव्हतं. कोठार गेलं. रांजणांची खोली गेली. आळशी दासीचं वाक्य गेलं, त्यातलं एक विशेषण अजूनही बदलावंसं तिला वाटलं. सातवा मजला आला, आणि आवाज म्हणाला, "शेवटची पायरी चढून उजवीकडे वळायचं. जपून, चौकट जरा बुटकी आहे."

हे वाक्य तिचं नव्हतं. पुढे काय येणार ते तिला ठाऊक नव्हतं.

तळपायाला फळी गार लागली. कुठूनसा ओल्या लाकडाचा वास आला. तिने मान खाली घालून चौकट ओलांडली आणि ती आत होती, सबंध, हातापायांसकट, कुमोझाकीच्या किल्ल्यात.

खिडकीतून धुकं दिसत होतं, आणि खिडकीला हिरव्या रंगाचे लोखंडी गज होते. एक, शलाकाने मोजलं, आता जाग येणार. भिंतीवर खिळ्याला कॅलेंडर होतं, दोन. दाराला कडी-कोयंडा, तीन. कोपऱ्यात स्टीलचा तांब्या आणि त्यावर पालथं भांडं, चार. जमिनीवर गोधडी अंथरलेली, पाच. वर बघितलं तर पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या जपानी छताला पंखा लटकत होता आणि गरगर फिरत होता. सहा. शलाकाने श्वास रोखून जाग येण्याची वाट बघितली. जाग येईना. पंख्याचा वारा तिच्या मानेला लागला.

खिडकीपाशी एक बाई बसली होती. चेहरा रघुवीरने लिहिला नव्हता, त्यामुळे तो नीट दिसत नव्हता, पण अनोळखी वाटत नव्हता. बाईने मान वळवली.

"आलीस?" ती म्हणाली. "कधीची बघतेय मी. उन्हाची आलीस, पड जरा."

"कोठार बघून यायचंय," शलाका म्हणाली. "पाण्याची पाळीही लावायची आहे."

"ते बघतील दुसरे. किती दिवस आहेस?"

असं कुणी तिला कधी विचारलं नव्हतं. काय सांगतात तेही तिला माहीत नव्हतं, पण तोंडातून आपसूक आलं, "चार दिवस."

"बरं," बाई समाधानाने म्हणाली. शलाका गोधडीवर आडवी झाली. तिच्या अंगावर कुणीतरी पांघरूण ओढलं. मग बाई दाराकडे तोंड करून हळू आवाजात म्हणाली, "तिला कुणी उठवू नका गं." बाहेर चिवचिवणाऱ्या फळ्यांवर येणारी पावलं थांबली आणि परत फिरली. शलाका त्या झोपेतल्या खोलीत गाढ झोपली. धुकं खिडकीतून आत आलं, पंख्याखाली गोल गोल फिरत राहिलं. कुणी हाक मारली नाही, कसली घंटा झाली नाही.

ती उठली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. नसीमाताई दाराबाहेर बसून होत्या.

"सहा चुका आहेत," शलाका म्हणाली. "एकेक कढीपत्त्याच्या तोंडात मारेल अशी. मला जाग कशी आली नाही?"

"मला आली होती. पंखा दिसला आणि ताडकन उठले मी, दोन मिनिटंसुद्धा टिकले नाही."

"आणि तरी तुम्ही ती राहू दिलीत?"

"तुझ्यासाठी राहू दिली," ताई म्हणाल्या. "ती खोली ज्याने लिहिली त्याला तू माहीत आहेस, जपान नाही. म्हणून तू झोपलीस आणि मी उठले. माझं विचारशील तर ठेव. तपासणारी तू. 'मी झोपून बघितली, बरोबर आहे' एवढं लिहिलंस की कोण बोलतंय? नऊ वर्षं राबलीस त्या किल्ल्यासाठी."

शलाका संगणकासमोर जाऊन बसली. ठेवली तर रोज दुपारी दोनला तिला त्या बुटक्या चौकटीतून जाता येईल, मरेपर्यंत. एकटी खोली वेगळी काढून उपयोग नव्हता, खाली सहा मजले नसले तर पेशींना ती कुठे आहे तेच कळत नाही. ठेवायची तर सगळ्यांसाठी, काढायची तरी सगळ्यांसाठी. तिला रडू येत होतं आणि ते तिने येऊ दिलं. मोह फार झाला. पण उद्या दुपारी पुसेसावळीचे ते हवालदार सातव्या मजल्यावर येतील, वर पंखा बघतील आणि आपल्या कॉटवर उठून बसतील, एकटेच, हे तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. पोटभर झोपून आलेल्या माणसाने दुसऱ्याचं अंथरूण ओढू नये, असं तिचं तिलाच वाटलं. पावणेसहाला तिने ती खोली काढली. काढतानासुद्धा त्यातली एक ओळ वाचली नाही.

सहा वाजता शिक्का बसला. ताई संध्याकाळच्या गाडीने जायला निघाल्या. शलाकाने त्यांच्या पिशवीत उशी ठेवली आणि त्यांचा हात बराच वेळ धरून ठेवला. ताई गेल्यावर रघुवीर मागच्या दाराने आत आला. नळ एव्हाना खरोखरच गळायला लागला होता.

"काढलीस?" त्याने विचारलं.

"काढली."

"पंख्यामुळे?"

"पंखा, गज, कॅलेंडर, सगळ्यामुळेच."

"ताई म्हणत होत्या पंखा काढा म्हणून," रघुवीर ओशाळून म्हणाला. "पण सातव्या मजल्यावर उकडत असणार गं. तू दुपारची झोपणार, म्हटलं वारा हवा. जाऊ दे. मला कुठे लिहिता येतं."

शलाका हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा पालटला. ती भिंतीला टेकून उभी राहिली. रघुवीर घाबरून जवळ आला. "अगं, काय झालं? काढायची नव्हती का?"

"तसं नाही हो," ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही. "तिला मी चार दिवस राहते म्हणून सांगितलं होतं. तीन तासांत न सांगता निघून आले. ती वाट बघत असेल हो माझी."